कल्हई : एका धातूची व एका शब्दाची वाट

कोकण किनाऱ्याच्या व्यापारेतिहासात मसाले, कापड व घोडे ह्यांचा जितका विचार झाला आहे, तितका कथिलाचा झालेला नाही. वस्तुतः श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनसारख्या गावी तांब्यापितळेची भांडी वापरणाऱ्या प्रत्येक घराला ह्या धातूची गरज होती. आमसूल, चिंच, ताक हे तेथील आहारात नित्याचे. उघड्या तांब्यापितळेच्या संपर्काने असे आंबट पदार्थ कळकतात व अपायकारक होतात. म्हणून भांड्यास आतून कथिलाचा पातळ लेप देणे अगत्याचे ठरे.

ह्या लेपाची कृती साधी पण शास्त्रशुद्ध आहे. घासून स्वच्छ केलेले भांडे भात्याने फुलविलेल्या कोळशावर तापवितात. नवसागराची पूड टाकताच पृष्ठभागावरील प्राणिलाचा थर निघून जातो. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, तर तांबे सुमारे 1085 अंशांना. त्यामुळे भांड्यास धक्का न लागता कापसाच्या बोळ्याने कथील सर्वत्र पसरविता येते.

हा धातू मुख्यतः समुद्रमार्गे आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथात भडोचच्या आयातीत कथिलाची नोंद आहे. सेमिल्ला, म्हणजे बोर्लीच्या उत्तरेचे चौल, ह्या बंदराचाही त्यात उल्लेख येतो. नवव्या शतकात इब्न खुर्दाजबिह मलाया द्वीपकल्पातील कलह येथील कथिलाच्या खाणी सांगतो. त्या स्थलनामावरून अरबीत उत्तम कथिलास ‘कलई’ म्हणू लागले, असे सामान्यतः मानतात. इ. स. 916 च्या सुमारास अल्-मसूदी चौलास आला, तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे त्याने लिहिले आहे.

तथापि ‘कल्हई’ हा शब्द चौलमार्गेच मराठीत आला, असे ह्यावरून सिद्ध होत नाही. तो मागाहून फारसीच्या द्वारे रुळला असणेही संभवनीय आहे. मराठीने धातूसाठी संस्कृत ‘कस्तीरा’शी जुळणारा ‘कथील’ शब्द राखला व लेपासाठी ‘कल्हई’ स्वीकारला. धातूचा परिचय जुना आणि ‘कल्हई’ हे नाव नंतरचे, हा भेद ह्यातून सूचित होतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनी कल्हईकराचा व्यवसाय बव्हंशी संपविला. फिरत्या कारागिराचे दप्तर नसते. त्याचा इतिहास लिहावयाचा तर आयातमालाच्या नोंदी, शब्दांची व्युत्पत्ती आणि स्वयंपाकघरातील भांडी ही तिन्ही साधने एकत्र वाचणे आवश्यक आहे.