आवळ्याच्या गावात दोदोल

मलाक्का म्हणजे आवळा. चेष्टा नाही, खरंच! मलय भाषेत 'मलाका' हे आवळ्याच्या झाडाचं नाव, आणि ते आपल्या 'आमलक'वरून आलं असं मानतात. दंतकथा अशी की 1400च्या सुमारास पालेंबांगचा एक परागंदा राजपुत्र (नाव चक्क परमेश्वर!) इथे आवळ्याखाली बसला होता. त्याच्या शिकारी कुत्र्याला एका पिसोरी हरणानं लाथ घालून पाण्यात पाडलं. जिथली हरणंसुद्धा इतकी शूर, ती जागा आपली, असं म्हणून त्यानं तिथेच गाव वसवलं.

गोष्ट खरी असो नसो, जागा मात्र हुशारीनं निवडलेली. भारताकडून येणारी जहाजं एका मोसमी वाऱ्यावर यायची आणि चीनकडून येणारी दुसऱ्या. दोन्ही वारे जिथे हद्द बदलतात तिथे हे बंदर. वारा फिरेपर्यंत थांबायचं, माल बदलायचा, परत निघायचं. त्यामुळे बंदरावर चार शाहबंदर असत, आणि त्यातला एक अख्खा गुजराती व्यापाऱ्यांसाठी! तोमे पिरेस नावाच्या पोर्तुगीज औषधवाल्यानं पुढे इथे राहून लिहून ठेवलंय की बंदरात 84 भाषा ऐकू येतात.

क्वालालंपूरहून बसनं दोनेक तास. एका शनिवारी सकाळी निघालो आणि दिवसभर पायी भटकलो. त्याचा हा वृत्तांत, इतिहासाची फोडणी घालून.

सुरुवात लाल चौकातून. डचांचं स्टाडहाउस 1650च्या आसपासचं, शेजारचं ख्राइस्ट चर्च 1753 साली पुरं झालेलं. आता सगळं लालभडक, पण डचांच्या काळात स्टाडहाउस पांढरं होतं. लाल रंग इंग्रजांच्या राज्यात आला. म्हणजे आपण ज्याला 'डच रंग' म्हणून फोटो काढतो तो डच नाहीच!

मागे सेंट पॉलची टेकडी. अल्बुकर्कनं नोव्हेंबर 1510 मध्ये गोवा कायमचा घेतला आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये मलाक्का. नऊ महिन्यांत दोन बंदरं. टेकडीवरच्या पडक्या चर्चमध्ये एक रिकामी कबर आहे, वर लोखंडी जाळी. सेंट झेवियर 1552 च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळ वारला. त्याचं शव 1553 साली इथे आणून पुरलं, आणि मग गोव्याला नेलं. जुन्या गोव्यात आपण जे पाहतो, त्याचा हा मधला मुक्काम. चर्चसमोरच्या पुतळ्याला उजवा हात नाही. आणि योगायोग म्हणजे खऱ्या शवाचाही उजव्या हाताचा भाग 1614 साली रोमला नेलेला आहे.

टेकडी उतरली की किल्ला... म्हणजे किल्ल्याचं एक दार. पोर्तुगीजांनी मशिदीचे आणि सुलतानांच्या थडग्यांचे दगड वापरून तो बांधला. 1641 मध्ये डचांनी जिंकला आणि दारावर 1670 हे साल कोरलं. 1795 मध्ये इंग्रज आले. हे गाव कधीतरी डचांना परत द्यावं लागणार, आणि मग ते आपल्या पेनांगशी स्पर्धा करणार, या भीतीनं त्यांनी 1807 मध्ये सुरुंग लावून तट उडवला. अब्दुल्ला मुन्शी हा मलाक्काचाच लेखक. त्यानं आपल्या आत्मचरित्रात त्या पाडापाडीचं वर्णन केलंय. एक दार तेवढं वाचलं. गंमत म्हणजे 1824 च्या करारानं मलाक्का शेवटी इंग्रजांकडेच आलं. उगाच पाडला की हो किल्ला!

एव्हाना पोटात कावळे. नदीपलीकडे हैनानी चिनी लोकांच्या खानावळीत चिकन राईस खाल्ला. इथे भाताचे लाडू वळून देतात, लिंबाएवढे. मग जवळच्याच रस्त्यावर एका ओळीत चिनी देऊळ, 1748ची मशीद आणि 1781चं गणपतीचं देऊळ! ते चिट्टी लोकांचं. पूर्वज तमिळ व्यापारी, बायका इथल्या. पूजाअर्चा शाबूत आहे, पण घरात बोलतात मलय.

बाहेर चेंडोल घेतलं : बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वर 'गुला मलाका', म्हणजे माडाचा गूळ. पहिल्या चमच्याला गोव्याची आठवण आली. शेजारच्या दुकानात त्याच गुळाचा काळसर, चिकट, चकचकीत वड्यांचा ढीग. नाव विचारलं तर म्हणाला, "दोदोल." अहो, गोव्यात नाताळच्या ताटात असतो तोच! तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचा गूळ, आणि नावसुद्धा तेच. दोदोल हा शब्द मलय मुलखातला. 130 वर्षं दोन्ही बंदरं एकाच राजाची होती आणि जहाजं ये-जा करत होती. खलाशांच्या तोंडी लागलेली चव कोण अडवणार?

संध्याकाळी पोर्तुगीज वस्तीत गेलो. समुद्राकाठची ही वस्ती 1930च्या दशकात दोन पाद्र्यांच्या पुढाकारानं वसली, कोळी ख्रिस्ती कुटुंबांसाठी. तिथे 'करी देबाल' खाल्ली : मिरची, मोहरी, व्हिनेगर, नाकातोंडातून धूर! नाताळचं उरलेलं मटण-चिकन संपवायला केलेला पदार्थ. वाढणाऱ्या आजीबाई शेजारणीशी जे बोलत होत्या ते ना मलय ना इंग्रजी. ती क्रिस्तांग, पोर्तुगीजपासून झालेली बोली. पोर्तुगीज राज्य जाऊन 380 वर्षं झाली तरी बोलली जाते. डच त्यांच्यापेक्षा जास्त वर्षं होते, पण त्यांची बोली इथे रुजली नाही.

असं का? मला वाटतं, डच म्हणजे एक कंपनी होती. माणसं आली, हिशेब केला, गेली. अल्बुकर्कनं आपल्या शिपायांची इथल्या बायकांशी लग्नं लावून दिली, आधी गोव्यात, मग इथे. धर्म, घर आणि भाषा एकाच चुलीवर शिजले. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईत हेच दिसतं. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांना दिलं, पण किल्ल्याखालच्या त्या गावात मराठीच्या वळणाची पोर्तुगीज बोली अजून आहे. डॉक्युमेंटेशन नाही, मूळ प्रोग्रामर गेलेले, तरी कोड चालू!

पण असा कोड चालू राहतो तो वापरणारे असेपर्यंतच. आजीबाई म्हणाल्या, नातवंडं इंग्रजीत उत्तर देतात. समोरच्या समुद्रात भराव घातल्यानं मासेही दूर गेले. तटाला सुरुंग लावावा लागला. बोलीला नातवंडांचं एका इंग्रजी शब्दातलं उत्तर पुरतं.

असो. लांबलं जरा. कोर्लईचा किल्ला बघायला जाल तेव्हा नुसता तट बघून परतू नका. खाली गावात थोडं थांबा, आणि कान उघडे ठेवा.