बंदुकीचें तोंड

शस्त्रांच्या इतिहासावर लिहिणारे लोक दारूचा विचार करतात, गोळीचा करतात, नळीच्या लांबीचा आणि पोलादाच्या जातीचाही करतात. परंतु गोळी ज्या ठिकाणीं नळीचा निरोप घेते त्या तोंडाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. अलीकडे अर्धस्वयंचलित रायफलींच्या तोंडाशीं काय बसवावें, ज्वाला झांकणारी नळी, धक्का कमी करणारी जाळी, कीं आवाज गिळणारा डबा, याची चर्चा शस्त्रज्ञांत हिरीरीनें चालते. वरवर पाहतां हा कारागिरांचा प्रश्न वाटतो. आमच्या मतें तो इतिहासाचाही आहे. कारण या निवडींत एकाची सोय होते आणि तिची किंमत पुष्कळदां दुसरा भरतो. ती कोणीं ठरविली आणि कोणीं सोसली, हें पाहणें इतिहासाच्या अभ्यासकाचें काम आहे.

ह्या विवेचनासाठीं रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील बुरोंडीसारखें ठिकाण सोयीचें आहे. उत्तरेस हर्णेच्या समुद्रांत सुवर्णदुर्ग. दक्षिणेस वाशिष्ठी खाडीच्या मुखावर दाभोळ. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगिजांच्या तोफांनीं दाभोळ जाळलें, आणि १७५५ त कमोडोर जेम्सनें पेशव्यांशीं संगनमत करून सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. ह्या किनाऱ्याला तोफेच्या तोंडाची ओळख कांहीं नवी नव्हे. शिवाय कोंकणांत भातशेतीचें रानडुकरांपासून रक्षण करण्यासाठीं परवान्याची ठासणीची बंदूक बाळगण्याची वहिवाट आहे. नळींत दारू ओतावी, वर चिंधी दाबावी, छरे टाकावे, गजानें ठासावें, मग बार काढावा. ठासणीच्या बंदुकीचें तोंड म्हणजे घराचा एकच दरवाजा. जें आंत जावयाचें तें त्यांतूनच, आणि जें बाहेर पडावयाचें तेंही त्यांतूनच. अशा दरवाजावर कोणतेंही यंत्र कायमचें बसविणें गैरसोयीचेंच.

म्हणून जुन्या काळीं तोंडाचा उपयोग शोभेसाठीं आणि धाकासाठीं झाला. अहमदनगरास १५४९ त ओतलेली आणि पुढें विजापूरच्या बुरुजावर चढलेली मुलूखमैदान तोफ याचें ठळक उदाहरण होय. तिचें वजन सुमारें ५५ टन. आणि तिचें तोंड म्हणजे उघडा जबडा वासलेलें सिंहमुख असून दातांमध्यें हत्ती चिरडला जात आहे. त्या जबड्यानें गोळ्याचा वेग वाढत नव्हता कीं धूर कमी होत नव्हता. तो समोरच्याच्या मनावर चालविलेला बार होता. तोफ डागणारा बत्ती देऊन शेजारच्या हौदांत उडी मारी, म्हणजे आवाजानें त्याचे कान वांचत, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, तोंडावर सिंह कोरणाऱ्यानें गोलंदाजाच्या कानांचा विचार केला नव्हता, एवढी गोष्ट लोकस्मृतीनें अचूक टिपली आहे.

तोंडाचें हें दुहेरी काम एकोणिसाव्या शतकांत संपलें. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल अजून तोंडानेंच भरावी लागे. शिपायानें काडतुसाचा कागद दातांनीं फाडून दारू नळींत ओतावयाची, असा तिचा शिरस्ता. ह्याच काडतुसाच्या चरबीवरून १८५७ त काय झालें, हें सर्वविदित आहे. त्यानंतर मागून भरावयाच्या बंदुका आल्या आणि तोंड केवळ निर्गमद्वार उरलें. परंतु त्या बंदुका सर्वांच्या हातीं एकाच वेळीं आल्या नाहींत. १८५७ नंतर गोऱ्या शिपायापेक्षां हिंदी शिपायास एक पिढी जुनें शस्त्र देण्याचें धोरण सरकारनें ठेविलें. १८१८ नंतर इंग्रजांनीं दापोलीस लष्करी ठाणें केलें, म्हणून तिला अजून कँप दापोली म्हणतात. सुभेदार रामजी सकपाळांसारखे निवृत्त सैनिक तेथें राहिले. ज्या जिल्ह्यानें मुंबई इलाख्याच्या पलटणींस पिढ्यान्‌पिढ्या माणसें पुरविलीं, त्या जिल्ह्याच्या माणसास हातांतील शस्त्राविषयीं मत विचारण्याची चाल मात्र कधींच नव्हती.

मोकळ्या झालेल्या तोंडाकडे शोधकांची दृष्टि लवकरच वळली. गोळीच्या मागोमाग बाहेर पडणारा तप्त वायु फुकट जातो, ही गोष्ट अमेरिकेंतील जॉन ब्राउनिंगच्या ध्यानांत आली. बार होतांच समोरचें गवत झोंक खातें, मग त्याच झोंकानें बंदूक पुन्हां भरतां कां येऊं नये? १८८९ च्या सुमारास त्यानें नळीच्या तोंडापुढें भोंक पाडलेली लोखंडी वाटी बसवून बंदुकीचा खटका आपोआप हलवून पाहिला. १९३६ त अमेरिकन सैन्यानें स्वीकारलेल्या गॅरंड रायफलीच्या पहिल्या नमुन्यांतही वायु तोंडापाशींच पकडला जाई. ही योजना पुढें बदलून नळीला छिद्र पाडण्यांत आलें. तात्पर्य, अर्धस्वयंचलित रायफलीचा जन्मच तोंडाजवळच्या प्रयोगांशीं निगडित आहे. तोंडाशीं काय बसवावें, हा प्रश्न तिच्यावर मागाहून चिकटविलेला नाहीं.

आतां निवडीचा विचार करूं. वायु नळींतून गोळीपेक्षांही वेगानें बाहेर पडतो आणि हवेशीं मिसळून पुन्हां पेट घेतो. रात्रीं जी ज्वाला दिसते ती बहुतांशीं हीच. १८८४ त व्हिएलनें बिनधुराची दारू काढल्यावर धुरानें ठिकाण उघडें पडण्याचें भय कमी झालें, पण अंधारांत ज्वाला पकडून देऊं लागली. तिजवर उपाय म्हणून दांतेरी किंवा चिरा पाडलेली नळी बसवितात. ती वायूला फोडून त्याचा भडका होऊं देत नाहीं. दुसरें साधन वायूला आजूबाजूस किंवा मागें वळवून खांद्यावरील धक्का सौम्य करतें. नेमबाजास तें अत्यंत सुखावह. परंतु तोच वायु आणि तोच आवाज शेजारीं पडलेल्या सोबत्याच्या तोंडावर आदळतो. तिसरें म्हणजे हायरम पर्सी मॅक्सिमनें १९०९ त पेटंट घेतलेला आवाज शमविणारा डबा. त्याचा बाप यंत्रतोफेचा जनक. बापानें गोंगाट वाढविला आणि मुलानें तो आवरावयास घेतला, हा एक विलक्षण योग होय. ह्या डब्यानें वजन आणि लांबी वाढते, नळी तापते आणि वायु मागें येऊन यंत्रास मळवितो. गोळी ध्वनीपेक्षां वेगानें जात असल्यामुळें हवेंतील तिचा कडकाट तो थांबवूं शकत नाहीं. रायफलीच्या बाराचा आवाज तोंडापाशीं १४० डेसिबलांच्या वर जातो, आणि त्या मर्यादेपलीकडचा एकच बारही कानास इजा करूं शकतो, हें आतां निर्विवाद आहे.

एका गुणासाठीं दुसरा गहाण कसा पडतो, याचें उदाहरण दुसऱ्या महायुद्धांत मिळतें. ब्रह्मदेशासारख्या अरण्यांत वागवण्यास हलकी म्हणून इंग्रजांनीं १९४४ त आंखूड नळीची ‘जंगल कार्बाइन’ काढली. नळी आंखूड केल्यामुळें ज्वाला भयंकर झाली. ती झांकण्यासाठीं तोंडावर शंकूच्या आकाराचें लोखंड बसविलें. ज्वाला कांहींशी झांकली गेली; पण शस्त्र हलकें झाल्यानें धक्का वाढला, आणि दस्त्यावरील अरुंद रबरी गादीनें तो खांद्याच्या एकाच जागीं एकवटला. शिवाय नेम भटकतो, ही तक्रार तर शेवटपर्यंत मिटलीच नाहीं. १९४७ त तिचें उत्पादन थांबलें. कागदावर सोडविलेल्या प्रश्नाची बाकी अशी शिपायाच्या खांद्यावर निघाली.

स्वतंत्र भारतासही ही निवड करावी लागली. १९६२ च्या युद्धांत आपले बहुसंख्य शिपाई अजून दर बारास हातानें दांडा ओढावयाची .३०३ रायफल घेऊन उभे होते. त्यानंतर इच्छापूरच्या कारखान्यांत बेल्जियन धाटणीची अर्धस्वयंचलित रायफल तयार होऊं लागली. पोलिसांत आणि सैन्यांत ती ‘एस. एल. आर.’ या नांवानें घरोघर ठाऊक आहे. तिच्या तोंडाशीं लांब चिरांची ज्वालारोधक नळी बसविली. ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाचा धक्का कठोर असतांही धक्का कमी करणारें साधन घेतलें नाहीं. आमच्या मतें ही निवड रास्त होती. पायदळ खांद्यास खांदा लावून लढतें. स्वतःच्या खांद्यास आराम देण्यासाठीं शेजाऱ्याचे कान फोडणें पलटणीस परवडत नाहीं. २०१९ त सरकारनें ७२,४०० सिग ७१६ रायफली मागविल्या, तेव्हां सैन्य पुन्हां त्याच काडतुसाकडे आणि पुन्हां अर्धस्वयंचलित पद्धतीकडे वळलें. अमेरिकेनें २०२२ त आपल्या नव्या रायफलीबरोबर आवाज शमविणारा डबाच स्वीकारला. शिपायाच्या कानांची किंमत वजनापेक्षां अधिक, हें एका सैन्यानें तरी हिशेबांत धरलें, ही समाधानाची गोष्ट आहे.

ह्या सर्व इतिहासावरून एक कसोटी हातीं लागते. शस्त्राच्या तोंडाशीं काय बसवावें हें ठरवितांना नेमबाजाइतकाच त्याच्या उजव्या-डाव्या हातास असलेला माणूस विचारांत घेतला पाहिजे, आणि परीक्षा लक्ष्यफळ्यावरील भोंकांबरोबर त्याच्या कानांवरही झाली पाहिजे. बुरोंडीच्या शेतकऱ्यास हा प्रश्न पडत नाहीं. तो रात्रीं शेताच्या बांधावर एकटा बसतो, आणि आपल्या बंदुकीचा धूर, धक्का व आवाज आपणच सोसतो. पलटणींतील शिपाई मात्र दुसऱ्यानें निवडलेलें तोंड हातांत धरतो. जे ही निवड करतात त्यांनीं त्या रांगेंत एक दिवस, आणि तोही नेमबाजाच्या नव्हे तर त्याच्या शेजाऱ्याच्या जागीं, पडून पहावें, एवढीच आमची सूचना आहे.