चिरा न्यायचाय की पोकलेन? आधी वजन आणि वळण बघा, मग ट्रक-ट्रेलर घ्या

राजापूर : तालुक्यात जड माल म्हटला की जांभ्याचा चिरा, खडी, नाहीतर सड्यावर न्यायचा पोकलेन. गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, "किती टायरी?" पण त्याआधी बघायचं ते पासिंग.

पासिंगचा हिशेब अ‍ॅक्सलवर चालतो. केंद्राने 2018 मध्ये मर्यादा वाढवल्या. पुढच्या अ‍ॅक्सलला 7 टन, मागे चार टायरांच्या एका अ‍ॅक्सलला 11.5, जोड अ‍ॅक्सलला 21 आणि तिहेरीला 27 टन. म्हणजे सहा टायरी ट्रक 18.5 टन, दहा टायरी 28. हे गाडीसकट वजन. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो माल. आरसी बुकावर दोन्ही आकडे असतात, तेच अंतिम धरावेत.

ट्रेलरला घोडा आणि ट्रेलर मिळून वजन धरतात. तिहेरी अ‍ॅक्सलचा ट्रेलर सहा टायरी घोड्याला जोडला तर 45.5 टन, दहा टायरी घोड्याला जोडला तर 55. ट्रेलर तोच, फरक साडेनऊ टनांचा! जुना घोडा स्वस्तात मिळतोय म्हणून जोडी जमवणारे इथेच फसतात. ट्रेलरची आरसी आणि विमाही वेगळा असतो, तो मागून घ्यावा.

चिऱ्याला ट्रेलर नकोच. खाणीची वाट अरुंद, लाल मातीची. लांब गाडी वळणावर अडकते. सहा किंवा दहा टायरी ट्रक बरा. ओणी-पाचलमार्गे अणुस्कुरा घाट चढायचा असेल तर लांबीचा विचार दोनदा करावा. उतरताना गिअर खालचाच हवा, नुसत्या ब्रेकवर भरलेली गाडी सोडू नये.

पोकलेनला मात्र लो-बेड ट्रेलरच लागतो. 20 टनी पोकलेन साधारण 2.8 मीटर रुंद असतो, गाडीची मर्यादा 2.6 मीटर. त्यामुळे आधी परवानगी काढावी लागते. वाडीतल्या विजेच्या तारांची उंचीही आदल्या दिवशीच बघून ठेवावी.

ओव्हरलोड सापडला तर 2019 च्या सुधारित कायद्यात दंड 20 हजार, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. वजन करायला नकार दिला तर 40 हजार.

चिरा पाणी पितो. पावसात भिजलेला चिरा भरताना नग मोजून अंदाज धरू नये, गाडी काट्यावर घालावी.