बागेसाठी विलो: वाळुंज आणि इतर शोभिवंत जाती

विलो म्हणजे सॅलिक्स प्रजातीतील झाडे व झुडपे. जगात यांच्या सुमारे ४०० जाती असून बहुतेक थंड हवामानातील आहेत. त्यामुळे पाण्यावर झुकलेल्या विलोचे छायाचित्र पाहून रोपे मागविण्यापूर्वी आपले हवामान व पाण्याची सोय तपासावी.

जातींची निवड

- वाळुंज (सॅलिक्स टेट्रास्पर्मा): महाराष्ट्रात नदी-ओढ्याकाठी निसर्गतः वाढते. मध्यम उंची, लांबट पाने, खालची बाजू पांढुरकी. आपल्याकडे हीच भरवशाची.
- लोंबत्या फांद्यांची विलो (सॅलिक्स बॅबिलोनिका): मूळ चीनमधील. काश्मीर, हिमाचलात चांगली वाढते. उष्ण, कोरड्या भागात पाने करपतात.
- हाकुरो निशिकी: झुडूप, कोवळी पाने पांढरट-गुलाबी. थंड हवामानासाठीच.

पाणी कमी असल्यास विलोचा हट्ट धरू नये. लोंबता बॉटलब्रश तशीच शोभा देतो व उन्हात टिकतो.

अभिवृद्धी

बियांची उगवणक्षमता काही दिवसांतच संपते, म्हणून छाट कलमानेच रोपे करावीत. पानगळीच्या काळात, नवी पालवी फुटण्यापूर्वी, पेन्सिलएवढ्या जाडीच्या पक्व फांदीचे २० ते २५ सें.मी. लांब तुकडे घ्यावेत. दोन तृतीयांश भाग मातीत राहील असे लावून माती सतत ओलसर ठेवावी.

नर व मादी झाडे वेगळी असतात. मादी झाडाच्या बियांचा कापूस अंगणभर उडतो. म्हणून बागेसाठी पिवळे, परागकण असलेले तुरे येणाऱ्या नर झाडाचीच कलमे निवडावीत. या तुऱ्यांवर मधमाश्याही येतात.

लागवड व छाटणी

पावसाळ्याच्या सुरुवातीला ६० × ६० × ६० सें.मी. खड्ड्यात शेणखत-माती भरून रोप लावावे. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी चुकवू नये. पालवी फुटण्यापूर्वी वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. छाटलेल्या बुंध्यातून नवे फुटवे जोमाने येतात.

कुठे लावू नये

विलोची मुळे पाण्याच्या शोधात दूरवर जातात आणि फटींतून पाइपात शिरतात. विहीर, जलवाहिनी, शौचालयाची टाकी व घराच्या पायापासून किमान १० ते १५ मीटर अंतर ठेवावे. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्याच्या बांधावर लागवड टाळावी. लाकूड मऊ असल्याने वादळात फांद्या मोडतात. त्यामुळे वीजतारा व गोठ्याजवळही लावू नये.

ओढ्याचा ढासळणारा काठ मात्र वाळुंजसाठी उत्तम जागा आहे. तिथे मुळे माती धरून ठेवतात.