खापर्डे वाडा: वकिलाचं घर, कापसाचा काळ

मी शेंदूरजनाघाटहून बोलतोय.

वाडा म्हटलं की आपल्याले सरदार, तलवारी अन् हत्ती आठवतात. पण आजचा वाडा एका वकिलाचा आहे. अमरावतीत राजकमल चौकाजवळचा खापर्डे वाडा. फ्रेंच भाषेत अशा मालकाला 'बुर्झ्वा' म्हणतात. मुळात अर्थ साधा: शहरात राहणारा. ना सरदार, ना शेतकरी. स्वतःच्या धंद्यावर उभा राहिलेला माणूस.

आता प्रश्न असा, की वऱ्हाडात ही माणसं आली कुठून? १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आपला कापूस आठवला. भाव चढले. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. पैसा आला, त्याच्यामागं सौदे, कर्जं आणि भांडणं आली. भांडणं आली की कोर्ट, अन् कोर्ट आलं की वकील!

गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे, जन्म १८५४. आधी सरकारी नोकरी, मग अमरावतीत जोरदार वकिली. राहणी अशी, की लोक त्यांना 'वऱ्हाडचे नवाब' म्हणत. १८९७ चं काँग्रेस अधिवेशन अमरावतीत भरलं, तेव्हा स्वागताध्यक्ष हेच. त्या वेळी त्यांचे मित्र लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते.

वकिलाच्या वाड्याचं एक दुखणं असतं. इनामदार झोपला तरी वसूल येतो. वकील कोर्टात उभा राहिला तरच घर चालतं. १९०८ मध्ये टिळकांना पुन्हा शिक्षा झाली, तेव्हा दादासाहेब त्यांच्या अपिलासाठी थेट विलायतेला गेले. परतले ते १९१० साली. इकडे अशील थोडेच थांबणार होते? मैत्रीची किंमत त्या घरानं चुकवली.

ते रोजनिशी लिहायचे, तीही इंग्रजीत. कोण आलं, कुठं गेलो, तब्येत कशी. शिर्डीला साईबाबांकडे राहिले, त्या दिवसांच्या नोंदी तर पुस्तकरूपानं छापल्या गेल्या. त्यांच्या रोजनिशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वाड्यातलं रोजचं जगणं आपल्याला कळतं, ते भिंतींपेक्षा या वह्यांमुळे.

म्हणून एक सांगतो. आपल्या वरूड-शेंदूरजना भागात संत्र्याच्या पैशावर कितीतरी घरं उभी राहिली. जुनी घरं पाडून स्लॅब पडतोय. पडू द्या, राहणाऱ्यांची सोय महत्त्वाची. पण माळ्यावरची पेटी भंगारात देण्याआधी उघडा. बागेचा हिशेब, व्यापाऱ्याची चिठ्ठी, आज्याची वही, जे सापडेल त्याचा मोबाईलवर फोटो काढा. अन् घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे अक्षर कोणाचं?

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!