छायाचित्र-संपादन, संगणकाची कार्यक्षमता आणि वारली चित्रांचे दस्तऐवजीकरण : डहाणू-तलासरीच्या संदर्भात

प्रस्तावना

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातील तालुके वारली चित्रकलेसाठी सर्वपरिचित आहेत. सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेला लग्नचौक मुळात टिकण्यासाठी काढलेला नसतो. भिंत पुन्हा सारवली की चित्र नाहीसे होते. त्यामुळे जुन्या भित्तिचित्रांच्या अभ्यासकासाठी छायाचित्र हेच प्रमुख साधन उरते. हे साधन आता संगणकावर जतन व दुरुस्त केले जात असल्याने संगणकाची कार्यक्षमता हा इतिहास-साधनांच्या विश्वासार्हतेशी निगडित प्रश्न ठरतो.

भिंतीकडून कागदाकडे

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून वारली कलावंतांपर्यंत कागद पोहोचला. तलासरी तालुक्यात जन्मलेले आणि डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरात राहिलेले जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८) यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावरील चित्रे कलावंतांच्या नावानिशी टिकली. त्यापूर्वीची भित्तिचित्रे मात्र प्रामुख्याने सवाशिणींनी काढलेली होती. त्यांची नावे क्वचितच नोंदली गेली. त्यांच्या कलेचा पुरावा मुख्यतः छायाचित्रांतच आहे.

संपादन-प्रणालीचा विकास व स्मृतीची गरज

१९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती मॅकिंटॉश संगणकासाठी प्रसिद्ध झाली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'लेयर' आले, तर १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत केलेल्या क्रियांचा मागोवा ठेवणारी 'हिस्टरी' सुविधा आली. प्रत्येक सोयीबरोबर रॅमची मागणी वाढली. ए-४ आकाराचे रंगीत चित्र ३०० डीपीआयवर स्कॅन केल्यास उघडलेल्या अवस्थेत सुमारे २५ एमबी स्मृती व्यापते. ६०० डीपीआयवर हाच आकडा चौपट, म्हणजे सुमारे १०० एमबी होतो. लेयर व हिस्टरीमुळे तो कित्येक पटींनी वाढतो.

रॅम अपुरी पडल्यास प्रणाली हार्ड डिस्कवरील तात्पुरत्या जागेचा, म्हणजे 'स्क्रॅच डिस्क'चा, आधार घेते. हार्ड डिस्कवरून माहिती मिळण्यास रॅमच्या तुलनेत हजारो पटींनी अधिक वेळ लागतो. संगणक मंदावण्याचे कारण म्हणूनच अनेकदा प्रोसेसरमध्ये नसून स्मृतीत असते. ३२-बिट प्रणालीत ४ जीबीची मर्यादा होती. २००८ मध्ये विंडोजसाठी फोटोशॉपची ६४-बिट आवृत्ती आल्यावर ती ओलांडता आली.

मंद संगणकाचा साधनांवर परिणाम

संगणक मंद असला की काम उरकण्यासाठी डीपीआय कमी करण्याचा मोह होतो. वारली चित्रातील पांढऱ्या बारीक रेषा अशा वेळी प्रथम पुसट होतात. पुढे हीच प्रत मूळ म्हणून जतन झाल्यास हरवलेला तपशील परत मिळत नाही. विजेचा प्रश्नही येथे लक्षात घ्यावा लागतो. डहाणूतील ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र मुंबईच्या उपनगरांसाठी वीजनिर्मिती करीत आले. ग्रामीण महाराष्ट्राने मात्र २००० नंतरच्या दशकात दीर्घ भारनियमन अनुभवले. वीज अचानक गेल्यास न साठवलेले संपादन वाया जाते.

उपाययोजना

महाविद्यालयांची मर्यादित तरतूद पाहता उपायांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम रॅम वाढवावी. त्यानंतर स्क्रॅच डिस्कसाठी स्वतंत्र एसएसडी द्यावी आणि तिच्यावर पुरेशी जागा मोकळी ठेवावी. हिस्टरीतील टप्पे कमी करावेत, अनावश्यक लेयर एकत्र करावेत व इतर प्रणाली बंद ठेवाव्यात. यूपीएस अनिवार्य मानावा. परवान्याचा खर्च परवडत नसल्यास १९९६ पासून मुक्तपणे उपलब्ध असलेल्या गिंपचा विचार करावा. महागडा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड यांचा विचार शेवटी करावा.

निष्कर्ष

भित्तिचित्रांचे जतन करताना मूळ स्कॅन टिफ स्वरूपात, कोणताही बदल न करता, स्वतंत्र ठेवावा व संपादन केवळ प्रतीवर करावे. सोबत गाव, पाडा, वर्ष आणि शक्य तेथे चित्र काढणाऱ्या स्त्रीचे नाव तिच्या संमतीने नोंदवावे. रॅम पुढेही वाढवता येईल. सारवलेल्या भिंतीवरील चित्र मात्र दुसऱ्यांदा स्कॅन करता येणार नाही.