अंक आला का?

आमच्या लहानपणी दिवाळीला चारठाण्याच्या घरात एकच प्रश्न चार दिवस फिरत असे, "अंक आला का?" सकाळी अभ्यंगस्नान झाले, चकलीचा पहिला तुकडा तोंडात पडला, की आजोबा ओसरीवर येऊन हाच प्रश्न विचारीत. अंक पुण्यामुंबईहून निघायचा, आगगाडीने सेलूला उतरायचा आणि टपालाच्या थैलीतून रडतखडत आमच्या गावी पोचायचा. कधी तो नरकचतुर्दशीला यायचा, तर कधी तुळशीच्या लग्नाच्या मुहूर्तावर. पण यायचा मात्र खास. त्यामुळे त्याची वाट पाहणे हा आमच्या फराळाचाच एक जिन्नस होऊन बसला होता.

वाचकहो, हा वाट पाहणारा माणूस मराठीत तयार कसा झाला, हे मला आज सांगावयाचे आहे. छापखाना घालणे सोपे, लिहिणे त्याहूनही सोपे. पण आपल्या लिहिण्याची कोणी वाट पाहावी, ही गोष्ट पैशाने होत नाही आणि एका दिवसात तर नाहीच नाही. हे मी पुस्तकांतून शिकलो खरा, पण त्याआधी पदरमोड करून शिकलो.

१९६३ साली आम्ही चार मित्रांनी गावात एक हस्तलिखित मासिक काढले. चारठाणा म्हणजे जिंतूर तालुक्यातले जुन्या देवळांचे गाव. यादवांच्या काळातील कोरीव काम, गोकुळेश्वराचे देऊळ, त्याच्यापुढची पायऱ्यापायऱ्यांची बारव आणि आभाळात ताठ उभा असलेला तो कोरीव स्तंभ! गावात पूर्वी तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ बारवा होत्या, असे म्हातारी माणसे सांगत. आम्ही ठरवले की दर महिन्याला एकेका देवळाची हकीकत लिहायची. पहिला अंक देखणा झाला. मुखपृष्ठावर स्तंभाचे चित्र होते. पारावर तो हातोहात फिरला. पाटलांनी वाचला, सोनारांनी वाचला, ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतला. आम्ही हवेत तरंगू लागलो. दुसरा अंक सुगीमुळे दीड महिना उशिरा निघाला. तिसरा परीक्षेमुळे लांबला आणि अखेर निघालाच नाही. विशेष म्हणजे, तो का निघाला नाही, असे कोणी विचारलेसुद्धा नाही!

मी फार खट्टू झालो. तेव्हा आमचे गुरुजी म्हणाले, "अरे, लोक तुमचा अंक विसरले नाहीत. तुम्ही त्यांना वाट पाहायला शिकवलेच नाही. आठवडी बाजारात भाजीवाली दर आठवड्याला त्याच झाडाखाली का बसते, सांग पाहू? दोन बाजार चुकवले तर तिचे गिऱ्हाईक शेजारणीकडे जाते, म्हणून."

हे वाक्य कानात धरून मी पुढे मराठी नियतकालिकांचा इतिहास वाचला. आणि गुरुजींची भाजीवाली मला पानोपानी भेटत गेली.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. अर्धा मजकूर मराठी, अर्धा इंग्रजी. त्या काळी वर्गणी देऊन वर्तमानपत्र घेणे म्हणजे काय, हेच लोकांना ठाऊक नव्हते. वर्गणीदार मिळून मिळणार किती? तरी बाळशास्त्र्यांनी ते १८४० पर्यंत चालवले. विकत घेऊन वाचणारा पहिला मराठी माणूस त्यांनी घडवला, एवढे श्रेय पुरे आहे.

यानंतरचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात १८४८ पासून 'लोकहितवादी' या सहीने पत्रे येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख. सरकारी नोकरीतले गृहस्थ. पत्रे लहान, भाषा साधी आणि टीका मात्र झोंबणारी. आपल्याच समाजाचे दोष उघड करणारा हा कोण, म्हणून लोक चिडत. पण चिडलेला माणूससुद्धा पुढल्या पत्राची वाट पाहतोच! १८५० पर्यंत अशी एकशे आठ पत्रे झाली. नाव पडले 'शतपत्रे', भरली एकशे आठ. एक जळजळीत पत्र लिहून ते थांबले असते, तर आज ते कोणाला आठवले असते? जपमाळेचे मणीही एकशे आठच असतात, आणि एक मणी ओढून कोणाचा जप होत नाही.

'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. तो वार मंगळवार होता. पहिले संपादक आगरकर. पुढच्याच वर्षी, १८८२ साली, कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. १८९७ मध्ये टिळक पुन्हा तुरुंगात गेले. १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला धाडण्यात आले. संपादक तुरुंगात, तरी पत्र वाचकाच्या दारात! टिळकांची लेखणी थोर खरीच. पण ती हातात नसतानाही पत्र चालू ठेवणाऱ्यांची चिकाटी मला तितकीच थोर वाटते. खेड्यात एक अंक यायचा, एकजण मोठ्याने वाचायचा आणि पंचवीसजण ऐकायचे. विकल्या गेलेल्या प्रतींवरून वाचकांची मोजदाद करणाऱ्याला हे पंचवीसजण कधीच दिसणार नाहीत.

याउलट अच्युत बळवंत कोल्हटकरांची गोष्ट पाहा. १९१५ साली त्यांनी मुंबईत 'संदेश' काढला. काय त्यांची झळाळी! 'वत्सलावहिनींची पत्रे' वाचायला घरोघर झुंबड उडे. वर्तमानपत्र माजघरात नेऊन पोचवावे ते अच्युतरावांनीच. पण 'संदेश' बंद पडे, पुन्हा निघे, पुन्हा अडखळे. दिवाळीतले भुईनळे सर्वांनाच आवडतात. पण रात्रभर जागते ती पणतीच.

आणि आता आपल्या दिवाळी अंकाकडे वळू. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिक सुरू केले १८९५ साली. हे मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या ओढीने त्यांनी 'मित्र' हे आडनाव घेतले. इंग्रजी मासिकांचे नाताळ अंक पाहून त्यांनी दिवाळीचा खास अंक काढला १९०९ साली. त्या अंकाचे कौतुक सगळेच करतात. मी मात्र मधली चौदा वर्षे मोजतो. चौदा वर्षे दरमहा वाचकाच्या दारी गेल्यावर मगच मित्रांनी त्याच्याकडे सणाचे आमंत्रण मागितले! अनोळखी पाहुणा ऐन दिवाळीत दारात उभा राहिला, तर त्याला कोण ताट वाढील? ओळख आधी, सण मागून. हा क्रम त्यांना उमगला होता.

मित्र १९२० मध्ये वारले. त्याच वर्षी किर्लोस्करवाडीहून एक लहानसे पत्र निघाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभा केला होता. त्यांच्या लोखंडी नांगराला प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. कारखान्याची जाहिरात आणि विक्री सांभाळत होते त्यांचे पुतणे शंकरराव, म्हणजेच शंवाकि. ते स्वतः चित्रकार. माल चांगला आहे असे एकदा ओरडून सांगितल्याने कोणी घेत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची बातमी हे निमित्त. पण हळूहळू त्यात उद्योगाच्या, आरोग्याच्या, सुधारणेच्या गोष्टी येऊ लागल्या. नांगर घेणारा आणि न घेणारा, दोघेही ती वाचू लागले. पुढे 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' मासिक झाले. मग १९३० साली 'स्त्री' निघाले, १९३४ साली 'मनोहर' निघाले. कारखान्याचे बातमीपत्र घराघरातले मासिक झाले, ते वाचकाला आधी काही देऊन आणि मग काही मागून.

हे सगळे निजामाच्या मुलखाबाहेरचे. आमच्या निजामी मुलखात गोष्ट आणखी अवघड होती. कारभार उर्दूत, सभा घ्यायची तर सरकारी परवानगी. शेजारच्या परतूरला १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा आजोबा बैलगाडीतून गेले होते. त्याच सुमारास आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक चालवले. निजाम सरकारने त्याला बंदी केली, तेव्हा वाघमाऱ्यांनी नाव बदलले आणि नव्या नावाने तोच अंक पुन्हा धाडला. त्याच्यावर बंदी, की आणखी नवे नाव! आजोबा सांगत, "नाव कोणतेही असो, दोन ओळी वाचल्या की आपले माणूस ओळखू येई." वाचून झाले की तो अंक कणगीतल्या ज्वारीत जाई. पाटी बदलली तरी गिऱ्हाईक चुकत नाही, याहून मोठी कमाई नियतकालिकाची ती कोणती? ही ओळख बंदी येण्यापूर्वीच्या अंकांनी करून ठेवली होती. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. पण मला वाटते, कणगीत दडलेल्या त्या कागदांनी ती माणसांच्या मनातून आधीच उठवली होती.

असो. इतिहास पुरे, आता घरची गोष्ट सांगून आवरते घेतो.

माझी नात गेल्या वर्षी सुट्टीत गावी आली. तिने मोबाइलवर स्तंभाचे छायाचित्र काढून जगाला दाखवले. पहिल्या दिवशी वाहवा झाली, दुसऱ्या दिवशी शुकशुकाट. हिरमुसून मला म्हणाली, "आजोबा, लोकांना आपल्या गावाचं काहीच कसं वाटत नाही?" साठ वर्षांपूर्वीचा माझाच चेहरा मला तिच्यात दिसला. तिला मी लोकहितवादींची एकशे आठ पत्रे सांगितली, मित्रांची चौदा वर्षे सांगितली आणि गुरुजींची भाजीवालीही. म्हटले, "बाळ, वार ठरव. दर वेळी एकच दगड दाखव, पण त्याच्याबद्दल काही नवे सांग. कोणी विचारले तर उत्तर दे. आणि पहिली काही महिने गर्दी मोजू नकोस."

तिने मंगळवार धरला. कधी बारवेतला कोनाडा, कधी कोणाच्या भिंतीत चिणलेली मूर्ती, तर कधी उकिरड्याशेजारी पालथा पडलेला खांब. माझ्या त्या मेलेल्या मासिकासाठी केलेली टिपणे मी तिला काढून दिली. कागद पिवळे पडले होते, पण हकीकती ताज्या होत्या. काही मंगळवारी तिला दोनचार माणसांखेरीज कोणी विचारले नाही. तरी तिने खाडा केला नाही.

हा उद्योग नुसत्या हौसेचा नाही, वाचकहो. आमच्या गावात कोरीव दगड धुण्याचे दगड झाले, उंबरे झाले, पायात गेले. ज्याची कोणी वाट पाहत नाही, ती वस्तू मोडायला वेळ लागत नाही. दगड शाबूत राहायचे, तर त्यांच्याकडे पाहण्याची लोकांना सवय लागली पाहिजे. आणि सवय ही एका भाषणाने लागत नसते.

परवा ती तापाने अंथरुणात होती. मंगळवार कोरडा गेला. बुधवारी सकाळी दारात आमच्या गल्लीतले एक शेतकरी उभे. पंचा खांद्यावर, हातात मोबाइल. मला वाटले, वीजबिलाचे काही काम असेल. ते म्हणाले, "काका, पोरीचं बरं हाय ना? काल तिचा दगड आला नाही. माझ्या बांधावर एक पडलाय, त्याच्यावर हत्ती कोरलेला हाय. म्हटलं, पुढच्या मंगळवारी तो घ्या. तवर मी त्याला हात लावू देत नाही कुणाला."

मी आत वळून नातीला हाक मारली. ओसरीवर आजोबांची जुनी खुर्ची रिकामी होती. दिवाळीला अजून आठवडा होता.